गे रॉमकॉम मोबाईलवर बघतात, मग थिएटर रिकामं का राहतं?

३० सप्टेंबर २०२२. अमेरिकेत 'ब्रॉस' रिलीज झाला. दोन पुरुषांची लव्हस्टोरी, तीही कॉमेडी, आणि मागे युनिव्हर्सलसारखा बडा स्टुडिओ. तीन हजारांहून जास्त थिएटर मिळाली, समीक्षकांनी कौतुक केलं. पण पहिल्या वीकेंडला गल्ला जमला सुमारे ४८ लाख डॉलर. बजेट होतं २ कोटी २० लाख.

हिरो आणि सहलेखक बिली आयक्नर याने ट्विटरवर खंत मांडली की स्ट्रेट प्रेक्षक आलेच नाहीत. तो ट्रोल झाला. त्याचं अगदीच चुकलं होतं असं नाही, पण सिनेमाचं प्रमोशनच 'ऐतिहासिक' म्हणून झालं होतं. शुक्रवारी रात्री तिकीट काढणाऱ्याला हसायचं असतं. कर्तव्य म्हणून कोण पॉपकॉर्न घेतं?

मग गे लव्हस्टोरी चालतच नाही का? तसंही नाही. २०१८ चा 'लव्ह, सायमन' जगभरात ६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान खुरानाच्या 'शुभ मंगल ज्यादा सावधान'ने सुमारे ६० कोटी कमावले. दोन वर्षांनी आलेला 'बधाई दो' मात्र २० कोटींच्या आसपास थांबला. महिन्याभराने तो नेटफ्लिक्सवर आला आणि ज्यांनी थिएटरकडे पाठ फिरवली होती तेच त्याच्या क्लिप शेअर करू लागले. पुढच्या वर्षी राजकुमार रावला त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं.

सिनेमा तोच. मग फरक कुठे पडला?

तिकिटाचे पैसे, कोरोनाची नुकतीच ओसरलेली लाट, 'ओटीटीवर येईलच की' ही सवय, ही कारणं आहेतच. शिवाय हल्ली कुठलाही रॉमकॉम थिएटरमध्ये धडपडतोच. पण एका कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. थिएटर ही चारचौघांची जागा आहे. तालुक्याच्या गावात इंटरव्हलला शेजारचे काका भेटतात, 'कुणासोबत आलास?' विचारतात. घरी कळलेलं नसलेल्या मुलासाठी हा प्रश्न साधा नसतो. ज्याची ही गोष्ट आहे, त्यालाच तिकीट काढणं सगळ्यात अवघड. तो इअरफोन लावून, ब्राइटनेस कमी करून रात्री सिनेमा बघतो. बॉक्स ऑफिसच्या हिशोबात तो धरलाच जात नाही.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत ज्यांना अशी भीती नाही, त्यांचं तिकीट मोलाचं ठरतं. मित्र, बहिणी, ऑफिसातली गँग. शुक्रवार ते रविवार खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात. उरलेला शो सकाळी साडेनऊला किंवा दुपारी लागतो, तेव्हा नोकरदार माणूस जाणार कसा? मग आकडा आणखी घसरतो आणि निष्कर्ष निघतो, 'लोकांना असले सिनेमे नको आहेत.' आठ स्ट्रेट रॉमकॉम पडले तरी नववा बनतो. इथे एक पडला की पुढच्याची फाईलच मिटते.

मराठीतलं उदाहरण ताजं आहे. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा रॉमकॉम नाही, गावाकडची शांत प्रेमकथा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्समध्ये त्याने जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावलं. १९ सप्टेंबरला तो इथे लागला, तेव्हा समोर त्याच शुक्रवारी आलेला 'जॉली एलएलबी ३' होता आणि आदल्या आठवड्यापासून जोरात चाललेला 'दशावतार'. स्क्रीन मोजक्याच, त्यामुळे ओढाताण ठरलेली.

भारतात आणखी एक अडचण आहे. रॉमकॉमचा शेवट लग्नात होतो. सहमतीच्या समलैंगिक संबंधांना ३७७ कलमातून ६ सप्टेंबर २०१८ ला मोकळीक मिळाली, पण लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायला सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. त्यामुळे इथल्या लेखकाला हॅपी एंडिंगसाठी आडवाट शोधावी लागते. 'बधाई दो'मध्ये तर गे हिरो आणि लेस्बियन हिरॉईन घरच्यांना गप्प करायला एकमेकांशीच लग्न करतात.

बँडबाजासकट मांडव बघायचाच असेल तर रोशन सेठी यांचा 'अ नाइस इंडियन बॉय' आहे. कथा अमेरिकेतली, आणि नवरदेवांची आडनावं? एक गावसकर, दुसरा कुरुंदकर.