बाटलीतलं कोकम, वाटीतलं आमसूल

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीचा रस्ता फुटतो तो हातखंब्याचा तिठा. मे महिन्यात इथून परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत अमृत कोकमाची बाटली असतेच. हल्ली अशा बाटल्यांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मिरवतो. घेणाऱ्याला वाटतं, सरबताबरोबर औषधही पोटात गेलं.

दावा अर्धा खरा, म्हणून जास्त फसवा. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतलं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य आणि पिवळं गार्सिनॉल परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरं. पण गार्सिनॉल पाण्यात सहजी विरघळत नाही आणि अँथोसायनिन उष्णतेने, उजेडाने मोडतं. गेल्या मोसमातली, तपकिरी पडलेली बाटली बघावी: ज्याच्या नावाने पैसे घेतले तेच बरंचसं गेलेलं. साखर तेवढी शाबूत!

त्यात परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट १८ टक्के जास्त आढळला.

मग झाडपाल्यात काही नसतंच? हा शहरी शहाण्यांचा सूरही तितकाच उथळ. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते मनोरुग्णांना शांत करण्यासाठीही वापरात आलं. काहींना त्याने खिन्नता आल्याच्या नोंदीही झाल्या. गुण असेल तिथे मात्रेचा हिशेब आलाच.

कोकमाचा शामक गुण कोकणाने शोधला तो वाटीत. पोराच्या अंगावर पित्त उठलं की आजी चार आमसुलं भिजत घालते, कुस्करते आणि ते लालसर पाणी पाठीवरच्या गांधींना चोळते. खाज मंदावते, पोर झोपतं. गांधी एरवीही बहुधा २४ तासांच्या आत विरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून आजीला अडाणी ठरवणं हा शास्त्राचा आळस. एका हाताला आमसुलाचं पाणी, दुसऱ्याला तितकंच गार, तसंच रंगवलेलं साधं पाणी, आणि कुठलं कुठे ते रुग्णाला ठाऊक नाही. एवढी चाचणी कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाला परवडेल.

तोवर वाटी चालू राहायला हरकत नाही. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर मात्र ती तशीच ठेवून तिठ्यावरून रत्नागिरीचं रुग्णालय गाठायचं.