‘वात आहे, चालायचंच!’

परवा बचत गटाच्या बैठकीत आमच्या एक वहिनी म्हणाल्या, “सहीऐवजी अंगठा उठवला तर चालेल का हो?” बी.ए. झालेली बाई! सगळ्या हसल्या. मग त्यांनी हात पुढे केले. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कणीक मळवत नाही, धुणं पिळायला मुलीला हाक मारायची. घरचे म्हणतात, वात आहे, चालायचंच. वय किती, तर ३८! दोन वर्षं नुसतं तेल चोळणं चाललं होतं.

मीच त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. रुमेटॉइड आर्थ्रायटिस निघाला. मी पडले आर्ट्‌सवाली, म्हणून खोदून खोदून विचारलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ‘बी’ नावाच्या पेशी असतात. जंतू आले की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची, हे त्यांचं काम. या आजारात मात्र त्यातल्या काही घरच्यालाच चोर समजतात. आपल्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, वर दुसऱ्या पेशींनाही चिथवतात. सांध्याचं अस्तर सुजतं, पुढे हाडही झिजतं. आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्यांत हीच प्रतिपिंडं शोधतात. कधीकधी ती दुखणं सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात असतात! आणि तपासणीत ती सापडली नाहीत म्हणून आजार नाहीच, असंही नाही बरं का.

बी-पेशींचा हात किती, ते एका औषधानं दाखवलं. रिटुक्सिमॅब हे मूळचं लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं औषध. ते बी-पेशी कमी करतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांधेही सुधारलेले दिसले आणि २००६ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते महाग, जंतुसंसर्गाची भीतीही असते. नेहमीच्या औषधांनी भागलं नाही तरच देतात.

हा आजार बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. तरी नवऱ्याचा गुडघा दुखला की दुसऱ्या दिवशी दवाखाना, आणि बाईची बोटं वाकली तरी तेलाची बाटली! मला याचा मनस्वी राग येतो. आपणही कमी नाही म्हणा, “होईल बरं” म्हणत अंगावर काढतोच.

वहिनींना मेथोट्रेक्सेट सुरू झालंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं. सूज उतरलीय, पण दोन बोटं वाकली ती वाकलीच. डबीवर त्यांच्या यजमानांनी मोठ्या अक्षरात ‘रविवार’ लिहिलंय.