घर आणि अंगण : थंडीआधीची शाकारणी

दिवाळी अंकासाठी घराविषयी काही लिहा, असा संपादकांचा निरोप आला की दरवर्षी मी रंगसफेदी, माळ्यावरची आवराआवर अशाच विषयांकडे वळतो. यंदा मात्र वाचकांना जरा लांब नेणार आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकीसुनांचे संसार आज अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. दिवाळीला आईवडील तिकडे जातात आणि परसदारच्या विटांच्या फरसबंदीवर पणत्या लावतात. तिकडे या फरसबंदीला पॅटिओ म्हणतात. थंडीत ती कशी फुगते, फुटते आणि खचते, हे शिकागोच्या एका उपनगरात लेकीकडे मी काही वर्षे पाहत आलो आहे. सारा जन्म बांधकामात गेला असल्यामुळे माझी नजर आधी विटेकडेच जाते, त्याला इलाज नाही!

कोकणातला माणूस मृगाआधी घर शाकारतो. पाऊस सुरू झाल्यावर कौलावर चढत नाही. शिकागोचा मृग दिवाळीच्या सुमारास लागतो म्हणा ना! फरक इतकाच, की तिथे पाणी पडून नुकसान करीत नाही, गोठून करते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. विटेच्या छिद्रांत मुरलेले पाणी गोठले, की ते आतून रेटा देते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. एकदा गोठून ते तसेच राहिले तर पुष्कळ बरे. पण तिथला पारा हिवाळाभर शून्याच्या खालीवर नाचत असतो. दुपारी वितळायचे, रात्री गोठायचे, असा हा खेळ चालतो. म्हणून मी जावयांना म्हणालो, "अहो, थंडीला आपण अडवू शकत नाही. पाण्याला मात्र अडवू शकतो."

वीट कोणती, हेही पाहायला हवे. 1871 सालच्या मोठ्या आगीनंतर शिकागो शहर विटांनी पुन्हा उभे राहिले. त्या काळच्या इमारती पाडल्या की त्यांच्या जुन्या विटा विकायला येतात आणि लोक हौसेने अंगणात बसवतात. दिसतात मोठ्या झोकदार! पण भिंतीच्या आतल्या अंगाला वापरलेली मऊ वीट बर्फ सोसण्यासाठी भाजलेलीच नसते. दोनचार हिवाळ्यांत तिचा भुगा होतो. नवी वीट घेताना तिकडच्या प्रमाणपद्धतीतला 'एसएक्स' वर्ग मागावा. भिजलेल्या अवस्थेत गोठण्याची वेळ येणाऱ्या फरसबंदीच्या विटेसाठीच तो आहे.

दुसरा शत्रू विटेखाली असतो. शिकागोत इमारतीचा पाया 42 इंच खोल न्यावा लागतो, कारण जमीन तितकी गोठू शकते असे धरतात. फरसबंदीला इतका पाया कोण घालतो? खालच्या चिकण मातीत पाणी साचले, की त्याचे बर्फाचे थर बनतात आणि विटा वर उचलल्या जातात. लेकीकडे कोपऱ्यातल्या दोन विटा अशाच अर्धा इंच वर आल्या. आमचे व्याही 78 वर्षांचे, हातात काठी. त्यांची काठी तिथे अडकली आणि खुर्चीचा आधार सापडला म्हणून ते वाचले. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर पडणेच सोडले. परक्या मुलखात, ना ओळखीचा रस्ता ना पार, म्हाताऱ्या माणसाची सारी मोकळी हवा म्हणजे ते बारा फुटांचे अंगण! विटांचे चार डॉलर गेले तर येतील. मोडलेले खुब्याचे हाड या वयात सहज जुळत नाही.

म्हणून बर्फ पडण्यापूर्वी, जमीन मऊ आहे तोवर, ही कामे उरकावीत. प्रथम पालापाचोळा आणि शेवाळ काढावे. कुजलेला पाला स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. कुंड्या उचलून ठेवाव्यात, त्यांच्या बुडाखाली ओल राहते. मग पाणसळ लावून ढाळ तपासावा. घरापासून दूर, दर फुटाला पाव इंच हवा. छताच्या पन्हळीचे तोंड फरसबंदीकडे असेल तर नळी जोडून ते लांब न्यावे. वर आलेल्या किंवा खचलेल्या विटा उपसून खालची खडी चोपावी, वाळूने पातळी साधावी आणि त्याच विटा पुन्हा बसवाव्यात. वाळूत बसवलेल्या विटेचा हाच मोठा गुण. शेवटी रिकामे सांधे कोरड्या वाळूने भरून काढावेत.

वरून चकचकीत लेप देण्याचा मोह मात्र टाळावा. शेजारच्या एका गृहस्थांनी तो दिला. आतली ओल कोंडली आणि पुढच्या वसंतात लेपासकट विटांचे पापुद्रे निघाले. लेप द्यायचाच तर विटेत मुरणारा आणि वाफ बाहेर जाऊ देणारा घ्यावा. तोही वीट पूर्ण कोरडी आणि पारा 5 अंशांच्या वर असताना.

बर्फ पडल्यावर लोक मिठाच्या पिशव्या ओततात. मिठाने बर्फ वितळतो खरा, पण ते खारे पाणी विटेत शिरते. पाणी उडून गेले की मिठाचे स्फटिक आतून वीट फोडतात. आपल्या भिंतींना लोणा लागतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ. शिवाय पारा उणे 10 च्या खाली गेला की साध्या मिठाचा फारसा उपयोगही होत नाही. बर्फ ताजा असतानाच प्लॅस्टिकच्या फावड्याने ओढावा, लोखंडी पाते विटेच्या कडा उडवते. पाय घसरू नये म्हणून वर वाळू पसरावी.

आणि तिकडे जाणाऱ्या आयांना एक विनंती. पाडव्याच्या पहाटे सवयीने बादलीभर पाण्याचा सडा घालू नका. झाडून कोरड्या विटांवरच रांगोळी काढा. लक्ष्मीला ओल्या अंगणापेक्षा सपाट अंगण अधिक आवडेल. आमच्या व्याह्यांना तर आवडतेच. दुरुस्तीनंतर ते रोज सकाळी त्या बारा फुटांत वीस फेऱ्या मोजून घालतात, आणि जेवताना आकडा सांगितल्याशिवाय राहत नाहीत.