अल्बम नव्हे, निगेटिव्ह शोधा

जुना अल्बम सतरंजीवर उघडायचा, ट्यूबलाइटची चकाकी चुकवत वरून मोबाइल धरायचा, फोटोचा फोटो काढायचा आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून द्यायचा, याला हल्ली घरोघरी ‘डिजिटायझेशन’ म्हणतात. गटावर बदाम पडतात, मामेभाऊ ‘अरे वा’ म्हणतो आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते. त्याच अल्बमच्या मागच्या कप्प्यात, स्टुडिओच्या पिवळट पाकिटात, खरी वस्तू तशीच पडून असते. तिच्याकडे कोणी वळत नाही, कारण निगेटिव्ह उजेडाला धरली तरी आत्या कोणती आणि मावशी कोणती, ते पटकन कळत नाही.

अल्बममधला प्रिंट म्हणजे त्या निगेटिव्हची घाईत काढलेली एक प्रत. कलर लॅबमधले यंत्र रंग आणि उजेड आपल्या अंदाजाने ठरवी, कडा थोड्या कापून टाकी आणि पुढच्या फोटोकडे वळे. नवरीच्या शालूची जर पांढरीफटक झाली किंवा मांडवातले चेहरे हिरवट दिसले, तर दोष पुष्कळदा प्रिंटचा असतो. उजेडातले जे बारकावे कागदावर उमटले नाहीत, ते निगेटिव्हमध्ये बरेचदा शाबूत असतात. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची फ्रेम असते जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. पण ती ४००० डीपीआयने स्कॅन केली की साधारण ५६७० बाय ३७८० बिंदूंचे, म्हणजे दोन कोटींहून अधिक बिंदूंचे चित्र हाती येते. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटवर मोबाइल कितीही महागाचा धरला तरी कागदावर जे नाही ते तो आणणार कुठून?

यासाठी केवळ फिल्मकरता बनवलेले स्कॅनर मिळतात. एके काळी निकॉन आणि मिनोल्टा यांचा या बाजारात दबदबा होता. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातून अंग काढून घेतले, पुढे निकॉनचे कूलस्कॅनही बंद झाले. जुने कूलस्कॅन आजही जपून वापरणारे लोक आहेत. त्यांतल्या काहींची दुरुस्ती अवघड, काहींना संगणकावरून हद्दपार झालेली फायरवायर जोडणी लागते. एड हॅम्रिक यांनी १९९८ पासून चालवलेल्या व्ह्यूस्कॅन या सॉफ्टवेअरमुळेच यातली कित्येक यंत्रे नव्या संगणकांशी बोलू शकतात. सामान्य घराने मात्र या जुन्या दिग्गजांच्या मागे लागू नये. तैवानच्या प्लस्टेक कंपनीचे ऑप्टिकफिल्म मालिकेतले नवे स्कॅनर घरगुती कामाला पुरेसे आहेत.

पुरेसे, पण जाहिरातीइतके नव्हेत. खोक्यावर ७२०० डीपीआय छापलेले असते. चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. ७२०० वर १६ बिटची एक टिफ फाइल चारशे एमबीच्या वर जाते, ३६ फोटोंच्या रोलला पंधरा जीबी लागतात आणि त्यातला बराचसा ऐवज फुगवटा असतो. घरच्या फोटोंना ३६०० पुरे. एखादी फ्रेम भिंतीवर मोठी लावायची असेल, तर तेवढीच ७२०० वर घ्यावी आणि नंतर आकार निम्मा करावा.

खर्चाचा दुसरा सापळा इन्फ्रारेडचा. प्लस्टेकच्या ८१०० मॉडेलमध्ये ही सोय नाही, ८२००आय मध्ये आहे. कल्पना नामी आहे. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड किरणांना अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. त्यामुळे चित्र कोणते आणि कचरा कोणता हे यंत्राला ओळखता येते आणि तो पुसता येतो. पण नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचे असते आणि चांदी हे किरण अडवते. म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल किंवा पूर्व जर्मनीच्या ऑर्वोचा कृष्णधवल रोल ज्यांच्या पेटीत आहे, त्यांच्या बाबतीत यंत्र आजोबांच्या चेहऱ्यालाच कचरा समजेल. तिथे फुंकणीचा ब्लोअर, मऊ ब्रश आणि संयम एवढेच उपयोगी.

आणखी एक अडचण दुकानदार आपणहून सांगत नाही. आपल्याकडे हजारो घरांत जो आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्यात १२० नंबरचा रोल लागे आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. हे चौकोनी निगेटिव्ह पस्तीस मिलिमीटरच्या स्कॅनरमध्ये जातच नाहीत. पेटीत तेच जास्त असतील, तर फिल्मला पाठीमागून उजेड देणारा एप्सनसारखा फ्लॅटबेड स्कॅनर घेणे शहाणपणाचे. म्हणून आधी पेटी उघडावी, मग पाकीट.

स्कॅनिंगचे काम दुकानाकडे का देऊ नये? पैशांसाठी नव्हे. पट्टी होल्डरमध्ये बसवा, झटका, पूर्वदृश्य बघा, रंग सारखे करा असे करत एकेका फ्रेमला काही मिनिटे जातात, आणि हे रटाळपणच इथे कामाला येते. तेवढ्या वेळात शेजारी बसलेली आजी सांगते की हा अमक्याचा मेव्हणा आणि मागे दिसतो तो जुना वाडा. दुकानदार फाइलला क्रमांक देईल, नाव देऊ शकणार नाही. शिकागोत आया म्हणून काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचे निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात विकले गेले. जॉन मॅलूफ यांनी ते स्कॅन करून इंटरनेटवर मांडल्यावर जगाला त्या थोर छायाचित्रकार म्हणून कळल्या. पण एप्रिल २००९ मध्ये त्या वारल्या होत्या. चित्रांतली माणसे कोण, हे त्यांना विचारायची सोय कोणालाच उरली नाही. आपल्याकडे आजी अजून समोर बसली आहे.

स्कॅन झाले की निगेटिव्ह रद्दीत टाकायची, असा शहाणपणा मात्र कोणी करू नये. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचे मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळले, तरी उरलेले तुकडे जपले गेले. त्यांतूनच पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेने कामाजोगा भाग वाचवला आणि नवे तंत्रज्ञान आल्यावर चित्रपट पुन्हा उभे राहिले. हार्ड डिस्क दहा वर्षांत दगा देऊ शकते. नीट ठेवलेली फिल्म तिच्याहून चिवट असते. ‘नीट ठेवलेली’ हे मात्र मुंबई-कोकणात जिकिरीचे. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरते, बटर पेपर चिकटतो, आणि अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली की पाकिटातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तसा वास आला तर ती पट्टी इतरांपासून वेगळी करावी आणि रांगेत पहिला नंबर तिचा लावावा. बाकीच्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या कप्प्यांत, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात राहू द्याव्यात.

एका कुटुंबाचे काम काही महिन्यांत संपते आणि मग यंत्र माळ्यावर जाते. त्यामुळे चुलत-मावस भावंडांनी वर्गणी काढून एकच स्कॅनर घ्यावा आणि तो घरोघर फिरवावा. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनीही एखादा ठेवायला हरकत नाही. वर्षभराच्या मासिकांइतकीच त्याचीही लोकांना गरज आहे. तोवर एवढे तरी करा. दिवाळीच्या आवराआवरीत स्टुडिओचे जुने पाकीट सापडले तर ते रद्दीवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नका, आणि त्यावर आजच पेनाने साल व प्रसंग लिहून ठेवा.