तिजोरी फोडू नका, उघडा!

मंडळी, सध्या होस्टेलमध्ये मेसच्या भाजीपेक्षा जास्त चर्चा कशाची असेल, तर ती जुन्या ऑफिसातल्या तिजोरीची. ऑफिस नव्या बिल्डिंगमध्ये हलवायचं ठरलं आणि मग लक्षात आलं की कोपऱ्यातल्या त्या हिरव्या लोखंडी धुडाची किल्ली कुणाकडेच नाही. जुने क्लार्ककाका रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, मधे रेक्टर बदलले, आणि चार्ज देता-घेताना प्रत्येकाने 'तिजोरी - १ नग' एवढंच वाचून सही केली. किल्लीबद्दल कुणी विचारलंच नाही. आत काय असेल यावर आता पैजा लागल्यात. कुणी म्हणतं सोनं आहे, कुणी म्हणतं जुन्या प्रश्नपत्रिका. माझ्या रूममेटच्या मते आत फक्त दुसऱ्या एका तिजोरीची किल्ली आहे!

ऐकिवात आलंय ते असं, की वर्कशॉपमधून गॅस कटर आणायचा आणि एका दुपारी काम उरकायचं. मेकॅनिकलची मुलं तर बाह्या सरसावून तयारच आहेत. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, आपल्याकडे कपाटाची किल्ली हरवली की पहिली आठवण हातोडीची होते. कोणत्याही रूममध्ये जाऊन बघा, निम्म्या कपाटांच्या कड्या वाकलेल्या. पण माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही, पण पान मिळालंय तर सांगून टाकते) या तिजोरीला कटर लावू नये. चावीवाल्याला बोलवावं, आणि ती चारचौघांसमोर उघडावी.

पैजा राहू देत बाजूला. शिपाईमामांना जे आठवतं ते जास्त महत्त्वाचं आहे. पूर्वी ॲडमिशनच्या वेळी मुलांची ओरिजिनल सर्टिफिकेट्स ऑफिसात जमा करून घेत, आणि काही मुलं ती परत न नेताच गेली. डिपॉझिटचं जुनं रजिस्टरही तिथेच ठेवायचे. म्हणजे आत सोनं नसेलही, पण कुणाचं तरी दहावीचं ओरिजिनल सर्टिफिकेट असण्याची शक्यता बरीच आहे. डुप्लिकेटसाठी बोर्डात खेटे घातलेल्या माणसाला विचारा त्याची किंमत!

आता थोडं थर्मोडायनॅमिक्स. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर असते. कागद साधारण २३० च्या आसपास पेट घेतो, आणि करपायला तर तेवढंही लागत नाही. कागदपत्रांसाठी बनवलेल्या आगरोधक तिजोऱ्यांची टेस्ट घेतात तेव्हा आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये, अशी अट असते. म्हणजे ज्या वस्तूचं कामच मुळी आतल्या कागदांना आगीपासून वाचवणं, तिला आपण दारातूनच आग आत पोचवणार. शिवाय अशा तिजोरीच्या दोन पत्र्यांमधे भराव असतो, आणि काही जुन्या भरावांत ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ कुणाच्या फुप्फुसात जाणार? हातोडा-छिन्नी हाही उपाय नाही. काही तिजोऱ्यांत कुलपावर घाव बसला की आत एक जादा अडसर आपोआप पडतो आणि दार पहिल्यापेक्षा घट्ट होऊन बसतं. ('अडसर' हा शब्द आईला फोन करून विचारला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला फक्त 'बोल्ट' शिकवला होता.)

मग चावीवाला असं काय वेगळं करतो? ते मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी माझे आजोबा गेले. कराडजवळ आमचं गाव आहे, तिथल्या घरी पणजोबांनी घेतलेली तिजोरी आणि तिची किल्ली फक्त आजोबांकडे. तेरावं झाल्यावर शोधाशोध सुरू झाली. देवघर, तांदळाचा डबा, कोटाचे खिसे, सगळं पालथं घातलं. रिचर्ड फाइनमन लॉस अलामॉसला असताना त्यांनी एका सहकाऱ्याच्या कपाटांचा नंबर २७-१८-२८ असा ओळखला होता. का, तर गणितात बुडालेला माणूस २.७१८२८ हाच आकडा लावणार! त्याच चालीवर आम्ही 'आजोबा किल्ली कुठे ठेवतील' याचा बराच अभ्यास केला. आजोबा फाइनमनना पुरून उरले. किल्ली काही मिळाली नाही.

धाकट्या काकांनी गावातल्या वेल्डरला फोनही लावला होता. आजी म्हणाली, "ह्यांच्या तिजोरीला आग लावायची न्हाई." विषय संपला.

मग कराडहून एक म्हातारे चावीवाले आले. पिशवीत कानशी, कोऱ्या किल्ल्या, एक मेणबत्ती, काडेपेटी आणि बॅटरी. बस्स. अशा जुन्या तिजोरीच्या कुलपात एकावर एक पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते आणि प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या उंचीवर उचलावी लागते. कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टवरचा खुंट त्यांतून आत सरकतो आणि कुलूप उघडतं. ही दोन्हीकडून अडवायची कल्पना रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रज माणसाची, १७७८ सालची. किल्लीचे दाते म्हणजे त्या उंचीच लोखंडात लिहून ठेवलेली असते.

तर त्या मामांनी कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळीने काळी केली, अलगद आत घातली, किंचित फिरवली, बाहेर काढली. काजळीवर पट्ट्या टेकल्याच्या बारीक रेघा उमटलेल्या. तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा आत. असं किती वेळा केलं ते मी मोजायचं सोडून दिलं. मी प्रश्न विचारून भंडावत होते तर म्हणाले, "ताई, जरा गप बसा, हाताला कळंना झालंय." तीन तासांनी कट्ट असा आवाज आला. दाराला ओरखडा नाही, कुलूप शाबूत, आणि वर हातात नवी किल्ली. आपण ज्याला फीडबॅक लूप म्हणतो आणि ज्यावर अख्खं सेमिस्टर काढतो, ते हा माणूस मेणबत्तीवर करतो! मामांनी अडीच हजार रुपये घेतले. काका कुरकुरले, "तीन तासांचे अडीच हजार?" लॅपटॉप फॉरमॅट करून देणाऱ्याला हजार देताना हेच काका एक शब्द बोलले नव्हते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कुलूप उघडलं तरी आजीने हँडल फिरवू दिलं नाही. दोन्ही आत्या आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं तिने सांगितलं. एक आत्या पुण्याहून यायची होती, दुसरी इचलकरंजीहून. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे त्या उघड्या-बंद तिजोरीसमोर चहा पीत बसलो. काकांचं म्हणणं, आपल्याच घरात साक्षीदार कशाला? रात्री आठला दार उघडलं. सातबाराचे उतारे, खरेदीखत, पोस्टाची पासबुकं, २०१६ च्या नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशेच्या सात नोटा (दहापेक्षा जास्त असत्या तर २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला असता, आजोबा थोडक्यात वाचले), आणि एका रुमालात बांधलेल्या पाटल्या, वर धाकट्या आत्याच्या नावाची चिठ्ठी. तिनेच ठेवायला दिल्या होत्या म्हणे, काकांना पत्ताच नव्हता. आत्या यायच्या आधी तो रुमाल निघाला असता तरी कुणी काही घेतलं नसतं, याची मला खात्री आहे. पण आत्याला तीच खात्री वाटली असती का? २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. आमच्याकडे तो आजीने कायदा न वाचताच पाळला.

म्हणून म्हणते, तिजोरी कशी उघडायची हा निम्मा प्रश्न झाला, आणि आपण इंजिनिअर लोक तेवढाच सोडवून मोकळे होतो. कुणासमोर उघडायची हा उरलेला निम्मा. लंडनला जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं. जो ते उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस! साठ वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा ए. सी. हॉब्ज या अमेरिकन माणसाने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. पण मला आवडतं ते हे, की त्यासाठी आधी पंच नेमले होते आणि कुलूप न बिघडवता उघडायचं होतं. फोडायचं असतं तर हॉब्जची गरजच काय होती?

बँकांनाही हे माहीत आहे. लॉकरवाला ग्राहक वारला तर लॉकरमधल्या वस्तूंची यादी दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर करायची, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांत स्पष्ट आहे. उलट उदाहरण पाहिजे असेल तर पुरीचा रत्नभांडार बघा. जगन्नाथ मंदिरातल्या त्या खजिन्याची २०१८ पर्यंतची शेवटची पूर्ण यादी होती १९७८ ची. २०१८ मध्ये तपासणीसाठी लोक गेले तर आतल्या खोलीची किल्लीच सापडेना. पुढे एका पाकिटात डुप्लिकेट मिळाल्याचं जाहीर झालं, चौकशी आयोग बसला, २०२४ च्या ओडिशाच्या निवडणुकीत किल्लीचा मुद्दा झाला. शेवटी १४ जुलै २०२४ ला मॅजिस्ट्रेटच्या समोर आतली कुलपं तोडावी लागली, कारण डुप्लिकेट किल्ल्यांनीही ती उघडली नाहीत. सहा वर्षं लोक काय काय बोलले असतील याची कल्पना करा. आपली तिजोरी त्यामानाने किरकोळ, पण होस्टेलमध्ये अफवा पसरायला सहा वर्षं लागत नाहीत, सहा मिनिटं पुरतात.

मेकॅनिकलच्या मित्रांचं म्हणणं, मग चावीवाला कशाला, यूट्यूबवर बघून आम्हीच करू. करा की! आधी स्वतःच्या कपाटावर करून दाखवा. तिजोरीच्या वेळी मात्र बाजूला उभं राहून बघा, केओएमची चार लेक्चर्स एका दुपारी होतील. वर्कशॉपच्या सरांनाही माझी विनंती आहे की चावीवाल्यांना एक तास मुलांसमोर बोलायला सांगावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

खर्चाचं म्हणाल, तर आमच्या गावचे अडीच हजार जमेस धरले तरी कटरने कापलेली तिजोरी भंगारात जाते आणि नवी घ्यावी लागते, तो हिशेब ऑफिसने करावा. तिजोरीवर कंपनीचं नाव आणि नंबर असेल तर आधी कंपनीलाही एक फोन करायला हरकत नाही.

दार उघडताना रेक्टर सर, ऑफिसचं एक जण, दोन्ही होस्टेलचा एकेक प्रतिनिधी आणि जमलं तर रिटायर झालेले क्लार्ककाका हजर असावेत. मोबाइलवर व्हिडिओ काढावा. निघेल त्या वस्तूची तिथल्या तिथे यादी, खाली सगळ्यांच्या सह्या, एक प्रत ऑफिसात आणि एक नोटीस बोर्डावर. कुणाची सर्टिफिकेट्स निघाली तर जुन्या रजिस्टरमधले पत्ते आहेत, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप आहेत, पोचवायचं काम आम्ही मुली करू. आणि नवी किल्ली झाली की त्याच दिवशी तिची जोडकिल्ली करून घ्यावी, ती पाकिटात सील करण्याआधी कुलपाला लावून बघावी, आणि चार्जच्या यादीत 'तिजोरी - १ नग' च्या खाली 'किल्ल्या - २ नग' असं लिहावं.