कुलूप दाराला की तोंडाला?

जून महिना उजाडला, की मार्केट यार्डाच्या आसपासच्या वसाहतींत दरवर्षी एक निराळी वर्दळ सुरू होते. बिबवेवाडी, मुकुंदनगर, गंगाधामच्या बाजूच्या इमारतींवर ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशा पाट्या झळकू लागतात. श्रीरामपूर-संगमनेरकडून, जालन्याहून, वसईहून आलेले आपल्यासारखेच आईबाप हातात गुणपत्रिकांची पिशवी धरून जिने चढताना दिसतात. शिक्षणक्रमाची चौकशी ते कॉलेजात करून आलेले असतात. इथे त्यांचा प्रश्न एकच असतो: “मुलगी सुरक्षित राहील ना?” घरमालकाचे उत्तरही ठरलेले असते: “काळजी करू नका, आठला गेट बंद होते.” आईबाप समाधानाने मान डोलवतात आणि अनामत रक्कम मोजतात.

त्या आईबापांना हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी मीही अशीच मान डोलवली होती. महाविद्यालयाने ‘विद्यार्थी सुरक्षा धोरण’ या भारदस्त नावाचे पत्रक हाती ठेवले. शीर्षक सोडले तर विद्यार्थी त्यात फारसे कुठे नव्हते, होत्या त्या विद्यार्थिनी. त्यांनी अंगभर कपडे घालावेत, मित्रांसमवेत आवारात रेंगाळू नये आणि वाचनालय सायंकाळी सहाला सोडावे. मुलांसाठी तेच वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे होते. शेवटी पालकांच्या सहीची जागा होती. मी सही केली आणि खरे सांगायचे तर मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. आज मला त्या सहीची लाज वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

‘सातच्या आत घरात’ हे आपल्या समाजाचे सर्वांत जुने सुरक्षा धोरण आहे. ते एकदा घड्याळाशी ताडून पाहू. १२ ऑक्टोबर २०२१ रोजी याच बिबवेवाडीत, मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर, कबड्डीच्या सरावाला आलेल्या १४ वर्षांच्या मुलीची मैत्रिणींच्या देखत हत्या झाली. तेव्हा सात वाजायचे होते. मारेकरी तिच्या नात्यातलाच तरुण होता. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणीमागे कोयता घेऊन माणूस धावला तो सकाळच्या भर रहदारीत. त्याचा हात धरला तो कोणा नेमलेल्या रक्षकाने नव्हे, तर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी स्वारगेटच्या एसटी स्थानकात पहाटे पावणेसहाच्या सुमारास फलटणची गाडी शोधणाऱ्या तरुणीला ‘ताई’ म्हणून हाक मारून एकाने उभ्या बसमध्ये नेले आणि तिच्यावर अत्याचार केला. ती गावी, म्हणजे घरीच निघाली होती. यांतील एकही गुन्हा सातच्या नियमाने टळला नसता.

यावर कोणी म्हणेल, “म्हणूनच तर पहारेकरी हवेत, कॅमेरे हवेत!” तेही तपासू. स्वारगेटच्या स्थानकात सुरक्षारक्षक होते आणि कॅमेरेही होते. कॅमेऱ्याने गुन्हेगार कोण ते नंतर दाखवले, गुन्हा होऊ दिला नाही असे मात्र घडले नाही. मुंबईत चर्नी रोडजवळच्या सावित्रीदेवी फुले शासकीय वसतिगृहात ६ जून २०२३ रोजी १८ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळली. संशय ज्याच्यावर आला तो वसतिगृहाचाच रक्षक होता. त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर तरुणीची हत्या झाली. त्या गुन्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेप झाली ती पोलिसांच्या मदतीसाठी नेमलेल्या स्वयंसेवकाला. पुढे २५ जून २०२५ रोजी त्याच शहरातील एका विधी महाविद्यालयातील विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तक्रारीनुसार ती जागा होती पहारेकऱ्याची खोली! अटक झालेल्यांत महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असलेला हंगामी कर्मचारी होता, दोन विद्यार्थी होते आणि पहारेकरीही होता.

पहारेकऱ्यांच्या साऱ्या वर्गावर संशय घेण्याचा माझा हेतू नाही. कंत्राटदाराच्या तुटपुंज्या पगारावर रात्रभर उभी राहणारी ही माणसे बहुतांशी प्रामाणिकच असतात. प्रश्न त्यांना नेमणाऱ्यांचा आहे. खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा केंद्रीय कायदा रक्षकाच्या चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक करतो. परंतु आपल्या फाटकावर उभ्या असलेल्या माणसाची पडताळणी झाली आहे काय, हे किती प्राचार्यांना छातीठोकपणे सांगता येईल? आणि त्याच माणसाविषयी तक्रार असेल तर ती कोणाकडे न्यायची, हे किती मुलींना ठाऊक असेल? भिंत उंच केल्याने बाहेरचा माणूस कदाचित आत येणार नाही. पण आतल्यापासून पळू पाहणाऱ्या मुलीलाही ती तितकीच उंच पडते.

आता माझ्या सहीकडे येतो. प्रवेशाला सहा-सात महिने झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की मुलगी वाचनालयात जाईनाशी झाली आहे. पुस्तके घरी आणते, अभ्यास स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी बसून करते. विचारले तर म्हणायची, “तिथे गोंगाट असतो.” एके दिवशी तिच्या आईने खोदून विचारले तेव्हा कारण कळले. तिथला एक कर्मचारी पुस्तके देण्याच्या निमित्ताने हात धरायचा, घरचा पत्ता विचारायचा, एकदा बसथांब्यापर्यंत मागे आला होता. मी संतापून ओरडलो, “मग इतके दिवस सांगितले का नाहीस?” तिने शांतपणे उत्तर दिले, “बाबा, सांगितले असते तर तुम्ही माझे कॉलेज बंद केले असते. आणि कॉलेजने आमच्या सगळ्यांचे वाचनालय सहाऐवजी चारला बंद केले असते.”

त्या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते, कारण ते खरे होते. तो माणूस दुपारी त्रास देत होता आणि आमचे नियम सायंकाळची राखण करीत होते. एवढेच असते तर नियम निरुपयोगी ठरला असता, इतकेच म्हणता आले असते. पण त्याने त्याहून मोठा अपाय केला होता. तोंड उघडले की आपलेच स्वातंत्र्य कमी होते, हा धडा त्याने मुलीला दिला होता. दाराला लावलेले कुलूप प्रत्यक्षात तिच्या तोंडाला लागले होते. ज्याला मुलींच्या वाटेला जायचे आहे त्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती? आपण सांगणार नाही हे तिला माहीत असते, आणि ती सांगणार नाही हे त्यालाही.

हे केवळ एका बापाचे शहाणपण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी जे विनियम केले, त्यांत हेच नमूद आहे. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात त्यांच्यावर मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत; सुरक्षेच्या धोरणाचे रूपांतर पाळतीत आणि हिंडण्याफिरण्याच्या बंदीत होऊ नये, असे ते बजावतात. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी, तिच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ अध्यापिका असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरचा एक सदस्य असावा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही त्यात हवेत. कुलगुरू, प्राचार्य यांसारख्या अधिकाऱ्यांनी समितीत बसू नये, म्हणजे दबाव येणार नाही. चौकशी ९० दिवसांत संपवावी. मुलग्यांचाही छळ होऊ शकतो, हेही विनियमांनी मानले आहे. विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, संसदेचा कायदा २०१३ चा, हे विनियम २०१५ चे. आणि आमच्या पत्रकात समितीचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी शोधत गेलो तेव्हा समितीचा फलक एका अंधाऱ्या जिन्याखाली सापडला. त्यावरील दोन सदस्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या.

“हे सारे कागदावर ठीक, व्यवहार निराळा असतो,” असे म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे मार्केट यार्डात यावे. अंधार असतानाच तिथे शेकडो स्त्रिया येतात. कोणी पालेभाजीच्या जुड्या विकायला, कोणी आपल्या हातगाडीसाठी माल घ्यायला. त्यांना कोणी म्हणत नाही, की बायांनो, उजाडल्याखेरीज घराबाहेर पडू नका. कारण त्या घरी बसल्या तर सकाळी आपल्या दारावर भाजी येणार नाही! जिच्या श्रमाची आपल्याला गरज आहे तिने अंधारात बाहेर पडावे आणि जिला शिकायचे आहे तिने मात्र सहाला परतावे, हा कुठला न्याय? या बायका एकमेकींच्या सोबतीने टेम्पो ठरवून येतात, गाळ्यावरच्या माणसांना नावानिशी ओळखतात, कोणी वेडेवाकडे बोलला तर चारचौघींत त्याचा उद्धार करतात. धोका त्यांनाही आहे, पण त्या गप्प नाहीत.

याच यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांचा इतिहासही बोलका आहे. त्यांना न्याय मिळाला तो व्यापाऱ्यांना दया आली म्हणून नव्हे. १९५५ साली बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, पुढे १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदणी, मजुरी, नुकसानभरपाई या गोष्टी मेहेरबानीच्या न राहता हक्काच्या झाल्या. ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला बोलण्याची जागा मिळाली, तेव्हाच ओझ्याचा हिशेब सुरू झाला. सुरक्षेचेही तसेच आहे. ज्यांच्यासाठी धोरण आहे त्यांना वगळून ते लिहिले, की त्याची हमखास बंदी होते.

आणि आपण ज्यांच्या नावाने वसतिगृहे व विद्यापीठ उभारतो त्या सावित्रीबाईंचे काय? १८४८ साली भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडत. त्या सोबत दुसरे लुगडे नेत. ‘तूर्त घरीच थांबा, वातावरण निवळू द्या’ हा सल्ला त्यांनी मानला असता तर आज माझी मुलगी कोणत्याच वाचनालयात गेली नसती.

मग सुरक्षा कशाला म्हणायचे? वाचनालयापासून बसथांब्यापर्यंतचे दिवे रोज लागणे, ही सुरक्षा. गंगाधाम चौकासारख्या ठिकाणी ट्रकांच्या रांगांतून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागू नये, ही सुरक्षा. शेवटच्या तासानंतर बस मिळणे, रेक्टरबाईंनी रात्री फोन उचलणे, सुटीत वसतिगृह रिकामे झाले तर मागे राहिलेल्या मुलींना एका मजल्यावर एकत्र ठेवणे, ही सुरक्षा. तक्रार करणाऱ्या मुलीचा एकही तास, एकही सवलत कमी होणार नाही, अशी प्राचार्यांनी लेखी हमी देणे ही तर सर्वांत मोठी. यांतील बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. त्यांना कोणी तरी उत्तरदायी असावे लागते. कुलुपाची किंमत कमी आणि उत्तरदायित्व शून्य, म्हणूनच ते संस्थांना प्रिय आहे.

आम्ही अखेर त्या कर्मचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. समिती नव्याने नेमली गेली, चौकशी झाली, त्याची तिथून बदली झाली. वाचनालय मात्र अद्याप मुलींसाठी सहालाच बंद होते. त्यासाठी आम्ही काही पालक आता दुसरा अर्ज घेऊन जात आहोत.

म्हणून धर्मग्रामातील माझ्या बंधुभगिनींना विनंती आहे. यंदा मुलीच्या प्रवेशाला जाल तेव्हा गेट किती वाजता बंद होते हे विचारू नका. तक्रार समितीत कोण आहेत, त्यांचे फोन नंबर कुठे लावले आहेत, गेल्या वर्षी समितीची बैठक झाली होती काय, रक्षकांची पडताळणी केव्हा झाली, हे विचारा. आपण शिक्षणसंस्थांशी संबंधित असाल तर हेच प्रश्न आपल्या संस्थेलाही विचारा. घरी मुलगा असेल तर त्याला सांगा, की नकार दिलेल्या मुलीच्या मागे लागण्याला वर्तमानपत्रे ‘एकतर्फी प्रेम’ म्हणत असली, तरी त्यात प्रेम कणभरही नसते. आणि मुलीला एक वचन द्या: “तू काहीही सांगितलेस तरी तुझे शिक्षण थांबणार नाही.” हे वचन मी माझ्या मुलीला सहा महिने उशिरा दिले. तुम्ही ते प्रवेशाच्या दिवशीच द्या, सही करण्यापूर्वी.