टाकी धुऊ नका, पाणी ठिबकू द्या



गडचिरोलीच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. मुलांच्या हट्टाखातर यजमानांनी माशांची चार फुटी टाकी घरात आणली. हौस सगळ्यांची, धुणे मात्र हिच्या वाट्याला! ती लिहिते, "दर पंधरा दिवसांनी सगळी टाकी उपसते. वाळू घासते, गाळणीचा स्पंज नळाखाली पांढरा होईतो धुते. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-तीन मासे मरून तरंगतात. धाकटी रडून जेवत नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही. असं खरंच असतं का हो?"

नाही हो! हातगुणाचा इथे काही संबंध नाही. उलट टाकी इतकी लख्ख धुतली जाते, म्हणूनच मासे मरतात. हे कसे, ते आधी पाहू. मग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात, विजेच्या लपंडावात आणि एक दिवसाआड येणाऱ्या नळात टिकेल अशी ठिबक गाळणी घरच्या घरी कशी करायची, तेही पाहू.

बाळाची ओली दुपटी रात्रभर तशीच पडली, की सकाळी नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनियाचा. मासा हाच अमोनिया कल्ल्यांवाटे सतत पाण्यात सोडत असतो. उरलेले खाणे कुजले की त्यात आणखी भर. नदीत नि तलावात पाणी अफाट, त्यामुळे तिथे तो जाणवत नाही. तीनशे लिटरच्या टाकीत मात्र माशांना आपल्याच विषात पोहावे लागते.

निसर्गाने यावर सोय करून ठेवली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य आणि झाडांना खत म्हणून चालणारे. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. ते पाण्यात मोकळे फिरत नाहीत. वाळूवर, स्पंजावर, दगडावर बुळबुळीत थर धरून राहतात. आपण ज्याला घाण समजून नळाखाली धुतो, त्यात हेच असतात! नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने उरलेसुरलेही मरतात. विरजणाचे भांडे रोज उकळत्या पाण्याने धुऊन पुसून ठेवले आणि दूध तसेच ओतले, तर दही लागेल का? तसेच हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी जड असते आणि बहुधा अल्कधर्मीही. अशा पाण्यात अमोनिया जास्त मारक होतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. ऊन वाढले की तो आणखी वाढतो. म्हणून बिचारे मासे नेमके मे महिन्यात दगावतात.

ठिबकच का?

या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत तो असतो सुमारे २७० मिलिग्रॅम. म्हणून जिवाणूंचे घर पाण्यात बुडवून ठेवण्याऐवजी हवेत ठेवावे आणि त्यांच्यावरून पाण्याचा पातळ पदर ओघळत ठेवावा. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे हे तंत्र शंभर वर्षांहून अधिक काळ वापरत आली आहेत. माशांच्या मोठ्या टाक्यांसाठी ते १९८० च्या दशकात हौशी लोकांत पसरले.

आपल्याला ते नवे वाटायचे कारणही नाही. कूलरमध्ये काय होते? पंप पाणी वर चढवतो, ते वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताटीवरून ठिबकते, थोडे वाफ होऊन उडते आणि उरलेले थंड होते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातले शीतन मनोरेही याच युक्तीने गरम पाणी निववतात. म्हणजे आपल्या गाळणीत पाणी शुद्धही होते आणि कोरड्या उन्हाळ्यात चार घटका गारही राहते.

साहित्य (चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीसाठी, तीत साधारण ३०० लिटर पाणी मावते)

प्लास्टिकचे तीन चौकोनी डबे, प्रत्येकी सुमारे सव्वा फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच उंच. कूलरला बसवतात तसा पाण्यात बुडणारा छोटा पंप, पण कोरा; जुन्या कूलरमधला काढून लावू नये. पंपाला बसेल अशी नळी. उशीत भरतात तो कृत्रिम कापूस. पक्क्या भाजलेल्या विटेचे अर्ध्या ते एक इंचाचे तुकडे, अथवा भांडी घासायच्या नायलॉनच्या कोऱ्या जाळीदार घासण्या, डबे भरतील इतक्या. डबे ठेवायला लोखंडी मांडणी.

विटेला सिमेंट चिकटलेले नसावे. कोरपना-गडचांदूरकडचा चुनखडक सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या खडीत त्याचे तुकडे सहज येतात. दगड किंवा खडी वापरणार असाल, तर त्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तो चुनखडी, टाकीत नको. साबण लागलेली घासणीही नको. कूलरची जुनी ताटी तर मुळीच वापरू नये, ती पाण्यात कुजते.

कृती

१. मांडणी टाकीच्या एका टोकाला अशी उभी करावी, की तिच्या दोन आडव्या पट्ट्या टाकीच्या तोंडावर येतील, पण भार टाकीच्या काचेवर पडणार नाही. ओल्या विटांचे डबे तीस-चाळीस किलोंपर्यंत जातात. डबे टाकीच्या तोंडाच्या आतच मावले पाहिजेत, म्हणजे काही सांडलेच तर टाकीतच सांडेल.

२. तिन्ही डब्यांच्या तळाला तापवलेल्या दाभणाने दर इंचावर बारीक छिद्रे पाडावीत. खालच्या दोन डब्यांची छिद्रे वरच्यापेक्षा थोडी मोठी करावीत, नाहीतर पाणी मध्येच साचून विटा बुडतील आणि सारा खटाटोप फुकट जाईल. वरच्या डब्याच्या काठाला टाकीच्या बाजूने एक खाच ठेवावी. कापूस तुंबला, तर पाणी त्या वाटेने परत टाकीत पडेल.

३. वरच्या डब्यात कापसाचा दोन बोटे जाड थर. त्यात गाळ अडकतो. खालच्या दोन डब्यांत धुतलेल्या विटा वा घासण्या, काठाला इंचभर जागा सोडून. दोन्ही मिळून टाकीतल्या पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका हा ऐवज होतो. बेताच्या माशांना तो पुरतो.

४. पंप टाकीच्या दुसऱ्या टोकाला, तळाशी नव्हे तर मध्यावर टांगावा. कधी नळी निसटून पाणी बाहेर जाऊ लागले, तर अर्धी टाकी तरी शिल्लक राहील. पंप कोरडा पडून जळेल, पण मासे वाचतील. पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

५. नळीचे वरचे टोक कापसाच्या वर, हवेत राहील असे बांधावे. आता पंप सुरू करून टोकाखाली पंधरा लिटरची बादली धरावी. एका मिनिटात भरली, तर तासाला ९०० लिटर झाले, म्हणजे टाकीतले पाणी तासात तीनदा फिरते. हे उत्तम. दीड मिनिट लागले तरी चालेल. त्याहून उशीर लागला तर मोठा पंप घ्यावा.

वरून विरळ कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा टाकावा. झाकण गच्च लावू नये, हवा खेळली पाहिजे. रात्री ठिबकण्याचा आवाज नको वाटला, तर खालच्या डब्यातून स्पंजाची एक पट्टी पाण्यापर्यंत लोंबती सोडावी.

विजेचे नीट ऐका

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. आपला पंपही त्याच जातीचा आहे. तीन पिनांचा प्लग, घराला खरे अर्थिंग आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोल ठेवावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलावरून जमिनीवर पडेल, प्लगात शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच. नुसते बटन बंद करून भागत नाही. मुलांनाही हे बजावून ठेवा.

अठरा वॅटचा पंप चोवीस तास चालला, तर महिन्याला साधारण तेरा युनिट लागतात. खर्च एवढाच. वीज गेली तरी घाबरू नका. बंद डब्याच्या गाळणीतले जिवाणू प्राणवायूवाचून काही तासांत मरू लागतात, आपले ओल्या विटांवर हवेत बसलेले असतात. माशांना मात्र तेवढ्या वेळात खाणे घालू नये. उकाडा असेल, तर अधूनमधून तांब्याने पाणी उचलून वीतभर वरून परत सोडावे.

विरजण लागायला वेळ लागतो

गाळणी चालू झाली म्हणजे लगेच वीस मासे आणायचे नाहीत. जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी आठ-दहा गप्पी मासे सोडावेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग डबक्यांत सोडतो तेच. खाणे चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकेच. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या स्पंजाचा तुकडा ओला असतानाच मागून आणावा आणि मधल्या डब्यात ठेवावा. शेजारणीकडून विरजण मागतो तसेच. माशांच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायची औषधे मिळतात. दोन्ही शून्यावर आले, की दर आठवड्याला दोन-चार मासे वाढवावेत.

यापुढे टाकी उपसायची नाही! आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावे आणि तेवढे नवे घालावे. नवे पाणी उघड्या तोंडाच्या बादलीत एक दिवस ठेवले, तर साधा क्लोरिन उडून जातो. पण बादलीवर पातळ कापड बांधा. गडचिरोलीत हिवताप मोठ्या प्रमाणावर आढळतो. माशांपायी घरात डास नकोत. वरचा कापूस आठवड्याने बदलावा किंवा पिळावा. विटांचे डबे सहा महिन्यांतून एकदा, तेही एका वेळी एकच, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलके खंगाळावेत. आणि काढलेले पाणी गटारात ओतू नका. नायट्रेट असलेले ते पाणी सांदवाडीतल्या वांग्यांना, कढीपत्त्याला घाला.

उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडते, ते भरत राहावे. मात्र नुसते भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. कूलरच्या ताटीवर पांढरा खार चढतो ना? पाणी उडते, क्षार मागे राहतात. टाकीतही तसेच साचतात. म्हणून काढायचे ते काढायलाच हवे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने ही गाळणी पाणी फारसे गार करणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र ती नको इतके गार करील. तेव्हा टाकी खिडकीपासून दूर ठेवावी आणि एंजलसारख्या उबेच्या माशांसाठी हीटर लावावा.

शेवटी एक. टाकी नकोशी झाली, की "सोडून देऊ तलावात" असे घरातले कुणीतरी म्हणतेच. मुलांना ते भूतदयेचे वाटते. तसे करू नका. दुकानातला तो काळा, काचेला चिकटणारा सकर मासा आपल्या देशाचा नाही आणि भारतातल्या नद्या-तलावांत तो आधीच पसरला आहे. थाई मांगूर तर इतका खादाड, की सरकारने २००० साली त्यावर बंदी घातली. आपल्या मामा तलावांत ढिवर बांधवांची पोटे आहेत. तिथे परके मासे शिरले, तर जाळ्यात येणारा त्यांचा मासा कमी होतो. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी घराला द्या.

डबे, विटा, कापूस जमवायला एक रविवार पुरेल. यजमानांना नि मुलांनाही हाताशी घ्या. छिद्रे त्यांनी पाडावीत, बादलीचा हिशेब मुलांनी करावा. आणि आठवड्याचे पाणी काढायचे काम कुणाकडे, हे त्याच दिवशी ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावानिशी लिहून टाका. दर वेळी तुमचेच नाव नको!